कारणाचा रकाना

पानीगेटच्या अलीकडे आमच्या गल्लीला नाव होतं,
कंसाऱ्यांचं. आता रिक्षावाला विचारतो,
बॉर्डरच्या या बाजूला, की त्या?
मी सांगते, या.

चौकशी समितीत मी टंकलेखक होते,
सात महिने, रोजंदारीवर.
साक्षी तीन भाषांत यायच्या, मी त्या एकीत बसवायची.
क्रमांक, नाव, वय, नुकसान, कारण.
कारणाचा रकाना सव्वा इंचाचा.

हणमंतराव फणसे म्हणाले, मिरवणुकीचा रस्ता.
तीस वर्षं गणपती विहिरीला वळसा घालून जायचा.
महापालिकेनं विहीर बुजवली, वळसा गेला,
ढोल मशिदीच्या भिंतीला बारा फूट जवळ आले.
मी टाइप केलं: ढोल.

एकोणीस वर्षांचा एक मुलगा म्हणाला, भोंगा.
भोंगे दोन्हीकडे होते, मंडपवाला एकच,
लखाजी, दोन्हीकडे भाडं आगाऊ घ्यायचा.
मी टाइप केलं: भोंगा.

याकूब पटणीनं पतंगापासून सुरुवात केली.
कापलेला पतंग कुणाच्याही धाब्यावर पडायचा,
पोरं कुणाच्याही जिन्यानं चढायची.
त्या उत्तरायणाला जिन्याला कुलूप.
कुलूप कुठल्या दुकानातलं, केवढ्याचं, तेही सांगितलं त्यानं.
साहेब घड्याळाकडे बघत होते.
मी कुलूप टाइप केलं, मग त्यावर एक्स मारत गेले,
पाच एक्स.

जशोदाबेन खारवा बराच वेळ बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या, सूतगिरणी चालू असती
तर दुपारी तीनला आमची पोरं पाळीवर असती.
त्यांचीही.
हे सव्वा इंचात बसेना.
टाइप केलं: माहीत नाही.

घरांच्या किमतीबद्दल कुणी बोललं नाही,
तसा रकानाच नव्हता.
बाहेर बाकावर भरत दलाल चहा पीत बसायचा,
साक्ष देऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला
नावानं हाक मारायचा,
घरच्यांची तब्येत विचारायचा.

आता माझं सांगते, तिथे कुणी विचारलं नव्हतं.

गुलामनबी रंगरेज आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा.
पौष लागला की मांजा ओढायचा,
त्याच्या ओट्यावरच्या खुंटीपासून आमच्या ओट्यावरच्या खुंटीपर्यंत,
गुलाबी, काचेच्या पुडीचा,
बोटांना चिंध्या बांधून.
आमच्या मुलाची फिरकी आधी भरायची,
पैशाचं नंतर बघू.

दंगलीनंतर तो तांदळज्याला भावाकडे गेला.
खोली आम्ही घेतली.
अशांत भागात घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते.
अर्ज मीच टाइप केला, मशीन घरचं होतं.
राजीखुशीनं. बाजारभावानं.
दोन्ही शब्द एका ओळीत आले,
किंमत निम्मी होती ती आणखी खाली, आकड्यात आणि अक्षरी.

मग विक्रीचं कारण.
इथे तीन ओळी मोकळ्या होत्या, भरपूर.
तो समोर बसला होता, चहा बशीत ओतून.
विचारलं, काय लिहू?
म्हणाला, ताई, तुमचा हात बसलाय, तुम्हीच लिहा.

मी लिहिलं: मुलीचं लग्न.

त्याला तिन्ही मुलगेच.
त्यानं कागद वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला,
सही करताना म्हणाला,
मिठाई पाठवीन.

खुंट्या अजून आहेत.
मधे नायलॉनची दोरी, तिच्यावर आमचे कपडे वाळतात.
नातू विचारतो, आजी, दोन खुंट्या
इतक्या लांब, इतक्या समोरासमोर कशाला ठोकल्या?
मी म्हणते, मधून एक माणूस दिवसभर
जायचा यायचा.
कोण माणूस?

कपडे काढ आधी, मी म्हणते,
दव पडायला लागलंय.